खंदारे सिस्टरांचे नंबर

खंदारे सिस्टर कोणाला आवडत नसत. हे आधीच सांगून टाकतो, कारण माणूस नजरेआड झालं की आपण त्याच्याबद्दल गोडगोड लिहायला लागतो आणि सिस्टरांना गोड बोलण्याचा मनस्वी तिटकारा होता. आयाबायांना त्या आवडत नसत, पेशंटच्या नातेवाइकांना तर मुळीच नाही. डॉक्टरसाहेब त्यांना वचकून असत. मी त्या तीस खाटांच्या दवाखान्यातला एकुलता एक लॅबवाला. सकाळी सकाळी त्यांच्या तावडीत सापडू नये म्हणून मी मागच्या दारानं आत शिरत असे.

दवाखान्याचं आणि गावाचं नाव सांगत नाही. परभणी जिल्ह्यातलं, रेल्वेलाईनवरचं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. ट्रस्टचा दवाखाना होता. ऑपरेशन करणारे एक डॉक्टर, पुरुषांची एक खोली, बायकांची एक, मध्ये ऑपरेशनची. नामांतराची दंगल होऊन चार-पाच वर्षं झाली होती. जळालेली घरं पुन्हा उभी राहिली होती, पण एसटीत शेजारी बसलेल्याचं आडनाव विचारताना लोक अजून जरा अडखळत. सिस्टर वालूरकडच्या, बौद्ध. कोणी आडनाव विचारायला अडखळला की त्या आपणहून सांगत, आणि जरा मोठ्यानंच सांगत.

ठेंगण्या, सावळ्या, भरभर चालणाऱ्या. साडी कडक इस्त्रीची, आणि हात मात्र बघवत नसत. दिवसातून चाळीसदा साबण आणि फिनेल लागून त्यांच्या हातांची कातडी फाटली होती. हिवाळ्यात बोटांच्या पेरांतून रक्त यायचं. मग त्या खोबरेल लावून बसत, आणि कोणी पेशंटनं हाक मारली की तेच तेल साबणानं धुऊन टाकून उठत. तेल लावण्यात काय अर्थ, असं मी एकदा विचारलं. "दोन मिनिटं बरं वाटतं," त्या म्हणाल्या.

हात धुणं हा त्यांचा धर्म होता म्हटलं तरी चालेल. नळाला पाणी दिवसाआड, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा. म्हणून वॉर्डाच्या दाराशी त्यांनी झाकणाची एक बादली ठेवली होती. उकळून निववलेलं पाणी, वर तांब्या. त्या पाण्याला पिण्यासाठी कोणी हात लावला तर त्या माणसाचं काही खरं नसे. डॉक्टरसाहेब राऊंडला आले की सिस्टर तांब्या भरून उभ्या राहत आणि दोनच शब्द बोलत, "साहेब, हात." साहेब घड्याळ काढून खिशात टाकत आणि मुकाट्यानं हात पुढे करत. एका पेशंटला तपासून दुसऱ्याकडे वळले की पुन्हा, "साहेब, हात." एक राऊंड संपायला दुपार व्हायची. साहेब वैतागत, पण धूत. मुळात सज्जन माणूस.

एकदा बादली भरून ठेवताना सिस्टर स्वतःशीच हसल्या. त्यांचं हसणं दुर्मीळ, म्हणून मी विचारलं. म्हणाल्या, "लहानपणी गावात विहिरीवर आम्ही खाली कळशी धरून उभ्या राहायचो. वरून कोणी ओतलं तर पाणी. तासतास कोणी ओतायचं नाही. आता मी ओततेय, भाऊ. साहेबांनाही मीच ओतते." एवढं बोलून त्या लगेच कामाला लागल्या. 

बांगड्यांवरून तर एकदा महाभारत झालं. काचेच्या बांगड्यांत घाण अडकते, म्हणून ड्रेसिंगला हात लावणाऱ्या आयाबाईनं बांगड्या काढायच्या असा सिस्टरांनी हुकूम सोडला. राधाबाई नावाची आया होती, नवऱ्याच्या आधी अहेवपणी मरायचं एवढीच तिची देवाकडे मागणी. ती धाय मोकलून रडायला लागली. "माजा नवरा जित्ता हाय, बाई! तुमी मला रांडमुंड करायलाव का?" सिस्टरांनी तिच्यासमोर स्वतःच्या बांगड्या काढून खिळ्याला अडकवल्या. तरी राधाबाई ऐकेना. शेवटी सिस्टरांनीच तोड काढली. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवायच्या आणि वरून पट्टी गुंडाळायची. त्या दिवसापासून आमच्या दवाखान्यातल्या सगळ्या आया दोन्ही हात मोडल्यासारख्या दिसत. अंगाऱ्याचंही तसंच. देवाचा अंगारा घेऊन कोणी आलं तर त्या हाकलून देत नसत. "कपाळाला लावा," म्हणत, "टाक्यांना नाही. देवाला कपाळ बरोबर सापडतं."

हे सगळं कशासाठी, हे दवाखान्यात सिस्टरांखालोखाल मलाच ठाऊक होतं, कारण जंतू बघणं माझ्याकडे. माझ्याकडे एक सूक्ष्मदर्शक आणि एक खिडकी, बास. जंतू कोणत्या औषधाला मरतो हे बघायची सोय औरंगाबादला. तेव्हा पू टिपलेला कापूस नळीत घालायचा, नळी डब्यात, आणि डबा एसटीच्या कंडक्टरच्या हवाली. आठ-दहा दिवसांनी कागद यायचा. अलीकडे त्या कागदांवर औषधांच्या नावांसमोर इंग्रजी 'आर' वाढायला लागले होते. 'आर' म्हणजे हे औषध ह्या जंतूला लागू नाही. गावोगावचे कंपाउंडर कशावरही दोन इंजेक्शनं टोचत, ताप उतरला की माणूस तिसरं घ्यायला जात नसे, आणि उरलेले जंतू शहाणे होत. सिस्टर त्यांना निर्ढावलेले म्हणत. "पेनिसिलिनला पूर्वी थरथर कापायचे," त्या म्हणत, "आता पेनिसिलिन पिऊन ढेकर देतात."

डॉक्टरांचा भर इंजेक्शनावर. हे चालेना तर ते, ते चालेना तर दोन्ही. सिस्टरांचं म्हणणं, मारता येत नाही तर निदान पसरू देऊ नका. आमच्याकडे पट्ट्या बदलायची ट्रॉली एकच. तीच पुरुषांच्या खोलीत जायची, तीच बायकांच्या. पूर्वी ती पहिल्या खाटेपासून निघायची आणि शेवटच्या खाटेपर्यंत जायची. पहिली खाट दाराजवळची, वाऱ्याची. म्हणजे मानाची. सिस्टरांनी हे मोडून काढलं. रोज सकाळी त्या प्रत्येक जखम नुसती डोळ्यांनी बघून यायच्या आणि खाटेच्या पायाशी खडूनं आकडा लिहायच्या. ज्याची जखम कोरडी, स्वच्छ, त्याचा आकडा आधी. ज्याच्या जखमेत पू, तो शेवटी. त्यानंतर ट्रॉली पुसायची, चिमटे उकळायला टाकायचे, ॲप्रन धुवायला. साधी गोष्ट. शाळेतल्या पोरालाही पटावी अशी.

मग आबासाहेब आले.

आबासाहेब पाथरीकडच्या एका गावचे पाटील. ट्रॅक्टरच्या फाळानं पोटरी कापली होती, तीन आठवडे गावातच टोचून घेत बसले, आणि पाय काळानिळा होऊन वास यायला लागल्यावर आमच्याकडे आणले. सोबत दहा-बारा माणसं. ट्रस्टमधल्या कोणाचे तरी व्याही. त्यामुळे दाराजवळची पहिली खाट आपोआप त्यांची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचं रक्त काढायला गेलो तेव्हा ते खाटेच्या पायाशी वाकून बघत होते.

"ह्यो नऊ कशाचा?"

"ड्रेसिंगचा नंबर तुमचा," सिस्टर म्हणाल्या.

"आमचा नववा? आन् पैला कोनाचा?"

"पलीकडच्या खोलीत बाळंतीण आहे, सिझरची. तिचा."

"आमाला बाईमानसाच्या मागं बसवायलाव?"

"जखमेच्या मागं," सिस्टर म्हणाल्या. "तिचे टाके कोरडे आहेत, तुमच्या पायात पू आहे. पू शेवटी."

 आबासाहेबांनी खोलीभर नजर फिरवली. दोन नंबर, तीन नंबर. पाच नंबरवर हर्नियाचा एक माणूस होता, त्यांच्याच शेतात राबणारा, सिस्टरांच्या समाजातला. तो बिचारा चादर डोक्यावर घेऊन पडून राहिला. दुपारपर्यंत सगळ्या दवाखान्यात एकच चर्चा. गावात ह्यांचा नंबर शेवटी, म्हणून हितं बाईनं पाटलाचा शेवटी लावला. नामांतराचा राग खाटेवर काढायली. राधाबाईसुद्धा मला म्हणाली, "आसं कुटं आसतंय का, भाऊ? मोट्या मानसाला आधी करून मोकळं व्हावं."

डॉक्टरसाहेबांनी सिस्टरांना खोलीत बोलावलं. मी स्लायडी द्यायला गेलो होतो म्हणून ऐकलं. साहेब म्हणत होते, काय बिघडतं, आधी त्यांचं करा, हात धुवा आणि पुढं जा. सिस्टर म्हणाल्या, "साहेब, तुम्ही लिहून द्या. कागदावर. मी करते." साहेबांनी लिहून दिलं नाही. तीन दिवस आकडा नऊच राहिला.

चौथ्या दिवशी मी पुन्हा आबासाहेबांच्या खाटेशी होतो, सुई त्यांच्या शिरेत. सिस्टर टेम्परेचर लिहीत होत्या. आबासाहेबांचा पुतण्या, तिशीतला, अंगावर पांढरे कडक कपडे, खिडकीत रेलून उभा होता. तो अगदी घरगुती आवाजात म्हणाला, "सिस्टर, तुमचा भाव आमच्याच गावात ऱ्हातो न्हाई का? दंगलीत घर गेल्तं त्याचं. आता नवं बांदलंय म्हनं. पत्र्याचं."

सिस्टरांनी लिहिणं थांबवलं नाही. "हो," म्हणाल्या.

"चांगलं बांदलंय," तो म्हणाला.

मी रक्त काढलं, कापूस दाबला आणि लॅबमध्ये निघून आलो. तेव्हा माझ्या मनात काय आलं हे आठवायचा मी पुष्कळदा प्रयत्न केलाय. काहीच आलं नव्हतं बहुतेक. रक्त गोठायच्या आत काम उरकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या खाटेवर एकचा आकडा होता.

ज्या बाळंतिणीचा तो आकडा होता तिचं नाव रुक्मिण. चुडाव्याची, पहिलटकरीण, नवऱ्याची तीनेक एकर जमीन. मुलगा झाला होता. ती इतकी लाजाळू की सिस्टर टाके बघायला आल्या की पदर तोंडात धरून भिंतीकडे बघायची. सिस्टर तिला "रुक्मे" म्हणत. एवढ्या प्रेमानं त्यांनी दवाखान्यात दुसऱ्या कोणाला हाक मारलेली मला आठवत नाही. तिचा आकडा आता दोन झाला होता. म्हणजे पाटलांच्या पायापासून निघालेली ट्रॉली थेट तिच्याकडे.

सिस्टरांनी करता येईल ते सगळं केलं. मध्ये दोनदा हात धुतले, चिमटे बदलले. पण पट्ट्यांचा डबा तोच, ट्रॉली तीच, ॲप्रन तोच. चार दिवस असं चाललं. नेमकं कशावरून गेलं, हातावरून, ॲप्रनवरून की ट्रॉलीच्या दांड्यावरून, ते मी आजही सांगू शकत नाही. पाचव्या दिवशी रुक्मिणीचे टाके लाल झाले आणि रात्रीतून ताप चढला. सकाळी सिस्टरांनी ओला फडका घेऊन पहिल्या खाटेवरचा आकडा पुसला आणि नऊ लिहिला. ह्या वेळी कोणी हूं की चूं केलं नाही. पाटलांच्या पायातला सडका भाग साहेबांनी कापून काढला होता, जखम भरायला लागली होती, घरी जायची बोलणी चालू होती.

दोन्ही कागद औरंगाबादहून आले. पाटलांचा आधी, रुक्मिणीचा नंतर. मी ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तोच जंतू. औषधांची तीच यादी आणि प्रत्येकासमोर तोच 'आर', वरपासून खालपर्यंत. एक औषध उरलं होतं, ते परभणीत मिळेना. नवरा नांदेडला गेला, तिथं मिळालं, घेऊन परत आला. त्या वेळी सिस्टर रुक्मिणीच्या खाटेशी बसून तिच्या कपाळावरची पट्टी बदलत होत्या. त्यांनी औषध घेतलं, बाटली फोडली, भरलं, दिलं. ती संध्याकाळी गेली. पोर तिच्या कुशीतून उचलताना राधाबाईच्या कोपराची पट्टी सुटली आणि बांगड्या मनगटावर खळकन खाली आल्या. सिस्टरांनी त्या तशाच राहू दिल्या.

केसपेपरवर साहेबांनी रक्तात जंतू शिरल्यानं मृत्यू असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. आठवड्यानं पाटील स्वतःच्या पायांनी चालत घरी गेले, आणि त्यांच्याकडून वॉर्डाला पेढे आले.

मग सिस्टरांनी मागितलं होतं ते सगळं मिळालं. भांडारातलं अडगळीचं सामान हलवून पूवाल्या पेशंटसाठी वेगळी खोली. दुसरी ट्रॉली. चिमट्यांचे चार संच. साहेबांनी स्वतःच्या अक्षरात नियम लिहून भिंतीला लावला, ड्रेसिंगचा क्रम सिस्टर ठरवतील, कोणाचीही शिफारस चालणार नाही. तीन वर्षं त्या जे मागत होत्या ते पंधरा दिवसांत झालं. सिस्टर त्या कागदापाशी कधी थांबल्या नाहीत. राऊंडला तांब्या घेऊन उभ्या राहत, पण "साहेब, हात" म्हणणं बंद झालं. साहेब आपणहून हात पुढे करायचे आणि त्या पाणी घालायच्या. मला ते बघवत नसे. सरळ सांगायचं तर मला त्यांची दया येत होती, आणि त्यांना दया आलेली कळू नये म्हणून मी त्यांच्याशी हवापाण्यावर बोलत होतो.

महिनाभरानं एका सुट्टीच्या दिवशी त्या माझ्या दारात आल्या. "लॅबवाले भाऊ, चुडाव्याला जायचंय. तुम्ही चला, ते दोन्ही कागद घेऊन. माझ्या एकटीच्या बोलण्यावर विश्वास बसायचा नाही."

"कशाला, सिस्टर?" मी म्हणालो. "आता काय होणार?"

"काय होणार ते मला माहीत नाही. त्यांना माहीत पाहिजे."

पॅसेंजरनं गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही. नवरा दत्ता ओसरीवर दोरी वळत बसला होता, त्याची आई पोराला वाटीनं बकरीचं दूध पाजत होती. म्हातारीनं सिस्टरांना ओळखलं आणि उठून गळ्यात पडली. दोघांना सारख्याच कपबशीतून चहा दिला, कोणाचं आडनाव विचारलं नाही. एरवी सिस्टरांच्या हे ध्यानात आलं असतं.

सिस्टरांनी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. आकडे काय असतात, रुक्मिणीचा आकडा कोणता होता, तो कोणाला दिला. माझ्या हातातले कागद घेऊन त्यांच्यासमोर पसरले, हा पाटलाचा, हा तिचा. म्हातारी मान हलवत राहिली. "काय बोलायलाव बाई तुमी. देवानं न्हेली तिला. तुमी किती केलं तिचं, मी काय बगितलं न्हाई का?"

"देवानं नाही हो," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या हातानं गेली ती."

"आसं वंगाळ बोलू न्हाई. घ्या, च्या घ्या."

दत्ता दोरी वळायचा थांबला होता. त्याला वाचता येत नसावं, पण तो बराच वेळ दोन्ही कागदांकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "मंग त्या दिशी तुमी त्याला न्हाई का म्हनलं न्हाई?"

आवाज चढलेला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, म्हणून विचारलं. सिस्टरांनी दोन्ही कागदांची घडी घातली. पोर रडायला लागलं, म्हातारी त्याला घेऊन आत गेली. आम्ही उठलो. दत्ता दारापर्यंत आला नाही.

त्यानंतर सिस्टर आमच्या दवाखान्यात आल्या नाहीत. राजीनामा पोस्टानं आला. कोणी म्हणालं जिंतूरकडे आहेत, कोणी म्हणालं मुलाकडे पुण्याला. मी शोध घेतला नाही. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते चुडाव्याच्या स्टेशनवर.

दुपारचे तीन वाजले असतील.  गाडी आली, मी चढलो, वळून हात पुढे केला. त्या खालीच उभ्या.

"चढा, सिस्टर."

"तुम्ही जा, भाऊ. त्याला उत्तर द्यायचं राहिलं."

"काय उत्तर देणार?"

"भ्याले म्हणून सांगायचंय. भावाच्या घरापायी भ्याले. ते त्याच्या तोंडावर सांगायला पायजे."

गाडीनं झटका दिला. मी खिडकीशी आलो. सिस्टर वळून गावच्या रस्त्याला लागल्या होत्या. उन्हासाठी डोक्यावर पदर घेतला होता, आणि वॉर्डात चालत तशाच भरभर चालल्या होत्या. खिडकीत रेललेल्या त्या पुतण्याचं बोलणं मीही ऐकलं होतं. मला दत्तानं काही विचारलं नव्हतं. गाडी अजून हळूच चालली होती, उतरता आलं असतं. मी बसून राहिलो.